वस्तू सापडते, माणूस भेटतो

१२ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

आजपासून मी संस्थेच्या नेतृत्व गटात आहे. पद: तंत्रज्ञान प्रमुख. हाताखाली कोणी नाही, म्हणजे प्रमुखही मीच आणि तंत्रज्ञानही मीच. कृष्णकांत सरांनी पेढे आणले होते. मी अर्धा खाल्ला.

ही वही सुरू करण्याचं कारण एकच. निर्णय घेणाऱ्याने निर्णयाच्या वेळी आपल्याला काय माहीत होतं ते त्याच दिवशी लिहून ठेवावं. नंतर आठवणी आपल्या सोयीने बदलतात.

जे माहीत आहे ते असं. संस्थेचं नाव कलाफ. दारी भाषेत कलाफ म्हणजे लोकरीची लड. अफगाणिस्तानातल्या हेरात शहरात आणि आसपास राहणाऱ्या चारशेहून अधिक बायकांना आम्ही लोकर, केशराचे कंद, शिवणयंत्र अशा गोष्टींसाठी लहान कर्जं देतो. ऑफिस मात्र नागपूरच्या धंतोलीत, दातांच्या दवाखान्याच्या वर, दोन खोल्या. याचं कारण आमच्या संचालक माहरुख खानम. त्या शिकायला नागपुरात आल्या, महाल भागात खोली घेऊन राहिल्या, आणि २०२१ नंतर परत जायला जागा उरली नाही तेव्हा इथूनच काम सुरू केलं. कृष्णकांत सर सहकारी बँकेतून निवृत्त झालेले, हिशेब पाहतात, काटोलहून रोज बसने येतात. हेरातचं काम हुमैरा पाहते. तीही तीन वर्षं नागपुरात बी.कॉम.ला होती. त्या उन्हाळ्यात सुटीसाठी घरी गेली ती तिकडेच राहिली.

तर गटात आम्ही चौघं. हुमैराला मी प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही. मी रुजू झाले तेव्हा ती जाऊन दोन वर्षं झाली होती. रोज संध्याकाळी पडद्यावर बोलतो. कामाचं.

१७ सप्टेंबर

हेरातचं इंटरनेट कालपासून रडतखडत चालतंय. संदेश पोचतात, नोंदी पोचत नाहीत.

हे गंभीर आहे. तिकडच्या दोन टॅबलेटवर नोंदी भरल्या जातात आणि नेट चांगलं असेल तेव्हा त्या आमच्या सर्व्हरवर येतात. बायकांच्या घरी आम्ही कागद ठेवत नाही, कारण घरात असा कागद दिसला तर प्रश्न विचारले जातात. त्यामुळे कोणी कर्ज फेडलं याचा पुरावा म्हणजे ती नोंद, दुसरं काही नाही. आणि सप्टेंबर हा फेडीचा महिना. केशराच्या हंगामाआधी जुनं कर्ज मिटलं तरच नवे कंद मिळतात.

हुमैराला सांगितलं, रोज प्रयत्न करत राहा. ती म्हणाली, "करून राहिली."

मी म्हटलं, "करते आहे."

ती म्हणाली, "तू पण कर."

२० सप्टेंबर

आमच्यात मराठी का चालते हे लिहून ठेवायला हवं. हुमैराचा फोन रस्त्यात कधीही कोणी मागून पाहू शकतं. दारी, पश्तो, उर्दू, इंग्रजी वाचणारे तिकडे आहेत. रोमन लिपीतली मराठी वाचणारं कोणी नाही. हा माझा प्रस्ताव नव्हता, तिचा होता, पण तांत्रिकदृष्ट्या उत्तम आहे. तरीही काही शब्द आम्ही लिहीत नाही. तिकडच्या राजवटीच्या गस्तवाल्यांना फक्त 'ते' म्हणतो. 'ते आले', 'ते कोपऱ्यावर उभे आहेत', एवढंच.

अडचण अशी की तिची मराठी वसतिगृहात शिकलेली आहे आणि शिकवणाऱ्या मुली यवतमाळच्या, भंडाऱ्याच्या. आज लिहिलं, कपाटाची चावी भेटली नाही म्हणून उशीर झाला.

मी लिहिलं, "चावी सापडते. वस्तू सापडते, माणूस भेटतो."

"नागपूरमध्ये सगळं भेटते. भाजी भेटते, नोकरी भेटते, शांती भेटते."

"लिहिताना नाही. संदेश अचूक हवेत."

"बरं, व्याकरण मॅडम. वस्तू सापडते, माणूस भेटतो. मग तू मला काय झाली वं? आपण तर भेटलोच नाही."

मी म्हटलं, मला 'वं' म्हणू नको, हे ऑफिसचं काम आहे. आणि बंद केलं, कारण आठ वाजले होते.

मी स्वतः अशीच बोलायचे. पुण्यात इंजिनिअरिंगला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात 'किल्ली भेटून नाही राहिली' म्हटलं आणि ते वाक्य चार वर्षं माझ्यामागे लागलं. ती सवय मी मोडली. भाषा हे साधन आहे, ते धारदार ठेवावं.

२७ सप्टेंबर, शनिवार

वाईट बातमी. दोन्ही टॅबलेट हरवले.

हुमैराची एक सहकारी बाई दोन्ही टॅबलेट कापडी पिशवीत घालून तीनचाकीने येत होती. पुढच्या चौकात गस्त दिसली म्हणून ती घाईने आधीच उतरली आणि पिशवी सीटखाली राहिली. तीनचाकी निघून गेली.

आमचा नियम स्पष्ट आहे आणि तो मीच लिहिलेला आहे. टॅबलेट परक्या हाती गेले तर ते दुरून पुसायचे. त्यात चारशे बायकांची नावं आहेत, घरांच्या खुणा आहेत, कोण कोणाच्या घरी जमतं ते आहे. त्यांना पासवर्ड आहे, पण पासवर्ड हुमैराला माहीत आहे, आणि माणसाकडून तो काढून घेता येतो. दुसरी बाजू: दहा दिवसांच्या नोंदी आमच्याकडे आलेल्या नाहीत. त्या पुसल्या की गेल्या. या दहा दिवसांत साठेक बायकांनी शेवटची फेड केली आहे. त्या पुन्हा कर्जदार ठरतील, आणि त्यांच्यापैकी एकीकडेही दाखवायला काही नसेल.

आम्ही तिघं बसलो. हुमैराने फोनवर दोन दिवस मागितले. चालक ओळखीतला आहे, त्याला गाठते म्हणाली. सोमवारी संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरलं. मात्र त्याआधी गस्तवाल्यांनी कोणालाही अडवलं तर लगेच पुसायचं. माहरुख खानमनी हे दोनदा म्हणून घेतलं.

हुमैरा फोन ठेवताना म्हणाली, "जेवली काय?" तिच्या शहरात एवढं सगळं चाललेलं असताना हा प्रश्न अप्रस्तुत होता. मी हो म्हटलं. जेवले नव्हते.

२९ सप्टेंबर, सोमवार

संध्याकाळी सहाच्या सुमारास हुमैराचा संदेश आला. जसाच्या तसा उतरवते:

te bhetle. baki nantar

ते भेटले. बाकी नंतर.

मी लगेच विचारलं, कुठे? कोणाला? तू कुठे आहेस? संदेशापुढे एकच खूण राहिली, दुसरी उमटली नाही. तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका गेला. मला वाटलं फोन काढून घेतला.

मग बातमी आली की संपूर्ण देशाचंच इंटरनेट बंद झालं आहे. फोनही लागत नाहीत. म्हणजे ठिपका जाण्याला वेगळं कारण आहे. पण संदेश ठिपका जाण्याआधीचा आहे. ते तिला भेटले. तिने दोन शब्द लिहिण्याइतकी सवड काढली.

माहरुख खानम आणि सरांना मी गटावर इंग्रजीत कळवलं: हुमैराला गस्तीने अडवलं आहे, त्यानंतर संपर्क नाही.

आईने दोनदा जेवायला बोलावलं. उद्याची तयारी करायची होती.

३० सप्टेंबर, मंगळवार

सकाळी दहाला बैठक. खालच्या दवाखान्यात ड्रिलचा आवाज चालू होता, तो तसाच चालू राहिला.

तांत्रिक स्थिती मी मांडली. टॅबलेट आत्ता कोणाच्याही हाती असले तरी आपण इथून त्यांना काही करू शकत नाही, कारण तिकडे नेट नाही. मात्र नेट परत येईल त्या क्षणी ते आपल्या सर्व्हरला हाक देतील. त्या वेळी त्यांना पुसण्याची आज्ञा तयार असली पाहिजे. नेट कधी येईल ते कोणालाच माहीत नाही, म्हणजे निर्णय आजच हवा. आज्ञा ठेवायची तर माझी आणि संचालकांची अशा दोन सह्या लागतात. काढायलाही त्याच दोन.

सर म्हणाले, "थांबा थोडं. ज्या बाईनं वर्षभर पोटाले चिमटा घेऊन फेडलं, तिले कोणत्या तोंडानं सांगायचं का बाई, तुझं फेडलेलं आमाले भेटून नाही राहिलं?"

माहरुख खानम म्हणाल्या, "कृष्णकांतजी, फेडलेलं पुन्हा लिहिता येईल. बाई गेली तर पुन्हा लिहिता येते का?"

"पुन्हा लिहाले पुरावा कुठून आणाल? चारशे बाया, कोणाचं नवऱ्याशी पटत नाही, कोणाचं जावेशी. एकीनं म्हटलं फेडलं, दुसरी म्हणेल कधी? गट फुटते मॅडम. मी काटोलले वीस वर्षं हेच पाहिलं."

"आणि हुमैरा?"

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मग खानमनी मला विचारलं, "तुझं मत काय, बेटा?"

मी म्हटलं, नियम स्पष्ट आहे. गस्तीने अडवलं तर पुसायचं.

"नियम मला माहीत आहे. मत विचारलं."

मी म्हटलं, माझं मत नियमाप्रमाणेच आहे. मग दोघींनी सह्या केल्या. मी आज्ञा ठेवली. पडद्यावर दोन टॅबलेट, दोघांपुढे लाल अक्षरांत 'प्रलंबित'. या नोंदी तयार करणाऱ्या प्रोग्रामच्या बहुतेक ओळी माझ्या आहेत. त्यात नावाच्या रकान्यापुढे मोकळी जागा ठेवलेली आहे, कारण हुमैराने आग्रह धरला होता की दोन गुलसुम असतील तर एकीला 'काळ्या फाटकाची गुलसुम' असं लिहिता आलं पाहिजे. मला ते अशास्त्रीय वाटलं होतं.

घरी सिंधूमावशी पवनीहून आली आहे, तिच्याबरोबर आणखी सहाजणी. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणाऱ्यांनी आमचं घर दरवर्षी भरतं. वस्तीतल्या बायका रस्त्यावर अन्नदानाचा मंडप घालतात, आई त्यात पुढे असते. आज अंगणात गोणीभर कांदे होते. मी दोन तास कांदे चिरले. आई म्हणाली, "बापरे, तू न सांगता बसली? काय झालं वं तुले?"

"ऑफिसचं आहे."

"त्या अफगाणच्या पोरीचं? तुह्या मैत्रिणीचं?"

"सहकारी आहे."

आई म्हणाली, "हाव. सहकारीच." आणि माझ्या हातातली सुरी काढून घेतली, कारण मी तुकडे फार बारीक करत होते. म्हणे भाजीत ते दिसणारही नाहीत.

१ ऑक्टोबर, बुधवार

सविस्तर लिहिते.

सकाळी मी डबा भरत होते. मावशी आणि तिच्याबरोबरच्या बायका मंडपाकडे निघाल्या होत्या आणि दारात चपलांचा ढीग पडला होता. मावशी ओरडली, "अवं, माही चप्पल भेटून नाही राहिली! पाह्य न कोणी!"

कोणीतरी म्हणालं, दुसरी घाल. मावशी म्हणाली, दुसरी काहून घालू, नवी आहे माही. थोडा वेळ सगळ्या वाकून शोधत होत्या. मग आई पलंगाखालून ओरडली, "भेटली! भेटली वं! दोन्ही भेटल्या!"

मी डबा खाली ठेवला.

ते भेटले. दोन टॅबलेट. ते टॅबलेट भेटले.

हुमैरा त्या दिवशी एकच गोष्ट शोधत होती. सोमवारी संध्याकाळ ही तिला दिलेली मुदत होती. मुदतीच्या वेळेला तिने कळवलं की ते भेटले. मी 'ते' हा शब्द गस्तवाल्यांसाठी राखून ठेवला होता आणि 'भेटणे' हे क्रियापद माणसांसाठी. हुमैराने काहीच राखून ठेवलेलं नव्हतं.

पण हेही तितकंच शक्य होतं की मी तिला दुरुस्त केलं आणि तिने ते ऐकलं. तसं असेल तर माझा पहिला अर्थ खरा. मी ऑफिसला निघाले. धंतोलीच्या रस्त्यावर नेहमीप्रमाणे रुग्णवाहिका अडकलेली होती आणि पेशंटचे नातेवाईक फायली छातीशी धरून रस्ता ओलांडत होते. मला पहिल्यांदाच हॉर्न वाजवावासा वाटला. वाजवला.

आज खंडेनवमी. सरांनी कॅल्क्युलेटरला, प्रिंटरला झेंडूचं फूल ठेवलं होतं आणि हातात एक फूल घेऊन सर्व्हरपुढे उभे होते. म्हणाले, "तू मानत नाहीस हे माहीत आहे मले. पण ठेवू का एक?"

मी म्हटलं, जाळीवर नको, हवा अडते. वर ठेवा. आणि सर, हे वाचा. मी फोन पुढे केला. हुमैराचा मूळ संदेश मी त्यांना दाखवलाच नव्हता; मी त्यांना माझा अर्थ दाखवला होता.

त्यांनी चष्मा लावला. "ते भेटले. बाकी नंतर." मग माझ्याकडे पाहिलं. "अवं, मग टॅबलेट भेटले न! तू काय सांगितलं आमाले?"

"माणूस भेटतो, सर. वस्तू सापडते."

"कुठं?"

"प्रमाण मराठीत."

"आमच्याकडे माणूसही भेटते न् चप्पलही भेटते," सर म्हणाले. "सापडते ते फक्त चोर."

माहरुख खानम आल्या. त्यांना सगळं पुन्हा सांगितलं. मी मधल्या वेळात जुने संदेश चाळले होते. गस्तीबद्दल हुमैरा नेहमी 'आले' किंवा 'उभे आहेत' लिहिते. 'भेटले' तिने चावीसाठी, लोकरीसाठी, एकदा तर झोपेसाठी वापरलं आहे. पण माझ्या दुरुस्तीनंतरच्या आठवड्यात ते क्रियापद आलेलंच नाही. म्हणजे पुरावा अपुरा. मी तसं म्हटलं.

खानम खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या नात्यातली एक बाई आमच्या यादीत आहे, हे मला माहीत आहे. त्या ते कधी बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "आज्ञा काढली, आणि पिशवी त्यांच्याकडे असली तर? तू चुकलीस तर ते आपल्याला भोगावं लागणार नाही. तिकडच्यांना भोगावं लागेल."

मी म्हटलं, हो.

"एका शब्दावर?"

"हो. एका क्रियापदावर."

मग त्या वळल्या आणि म्हणाल्या, "सोनिका, एक सांग. तू तिला इतकं शिकवतेस. असं बोल, तसं लिही. ती तुझं ऐकते?"

मी खरंच विचार केला. 'करते आहे' सांगितलं होतं, ती 'करून राहिली' लिहिते. 'वं' म्हणू नको सांगितलं होतं. नावाच्या रकान्यात फक्त नाव लिही असं सांगितलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "एकदाही ऐकलेलं नाही."

सर आधी हसले. मग खानम. त्या हसता हसता खुर्चीत बसल्या आणि ओढणीने डोळे टिपत म्हणाल्या, "मग काढ. सही कुठे करायची?"

आम्ही सह्या केल्या. लाल अक्षरं गेली. तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. त्यानंतर करण्यासारखं काही नव्हतं. सरांनी पिशवीतून काटोलची संत्री काढली, अजून हिरवट, आंबट. आम्ही ती खात बसलो आणि कोणी घरी गेलं नाही.

सहाच्या जरा आधी पडद्यावर एक ओळ आली. मग दुसरी. दोन्ही टॅबलेट हाक देत होते.

अजूनही ते कोणाच्याही हातात असू शकत होते. मी माउसवर हात ठेवून बसले, आणि नोंदी येऊ लागल्या. गेल्या पंधरवड्यातल्या, क्रमाने. खानम माझ्या खांद्यामागून वाचू लागल्या, आधी मनात, मग मोठ्याने. शीरीनगुल, फेडलं. बीबी हाजर, फेडलं. माहजबीन, फेडलं. काळ्या फाटकाची गुलसुम, फेडलं. सर प्रत्येक नावाला "हाव" म्हणत होते, जणू हजेरीच चालली होती.

शेवटच्या नोंदीखाली टिपणाचा रकाना असतो. तो कोणी वापरत नाही. त्यात लिहिलं होतं:

sonika va, net ale. jevli kay?

मी जिन्यात जाऊन आले. जिन्यात हवा चांगली असते.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. ऑफिस बंद. सकाळपासून आईच्या मंडपात वाढायला होते. दीक्षाभूमीकडे जाणारी माणसं थांबत नाहीत. पांढऱ्या कपड्यांची रांग येते, पत्रावळ घेते, पुढे सरकते. माझ्याकडे भाताची परात होती. मी सगळ्यांना सारख्या मापाने वाढत होते तर मावशी म्हणाली, "अवं, हे काय औषध आहे काय? हात सोड जरा." सोडला.

दुपारी हुमैराचा फोन आला. आवाज, चित्र नाही. मी मंडपामागे पाण्याच्या टाकीशी गेले.

ती म्हणाली, "माझं ऐक आधी, मग ओरड." पिशवी तीनचाकीवाल्याच्या आईने गोधड्यांखाली ठेवली होती. मुलगा म्हणाला कोणाची ते माहीत नाही, म्हातारी म्हणाली बाईची आहे, पिशवीची अशी शिवण बाईचीच असते, बाईच येईल न्यायला. हुमैरा गेली तर म्हातारीने पिशवी दिली आणि तिला बसवून घेतलं. जेवल्याशिवाय सोडेना. समोर ताट, हाताला तेल, म्हणून दोनच शब्द लिहिले.

"बाकी नंतर म्हणजे जेवण नंतर?" मी विचारलं.

"जेवण आधी. बाकी नंतर." मग तिने विचारलं, "काहून? तुम्ही लोक घाबरले काय?"

मी तिला सगळं सांगितलं. आज्ञा, सह्या, लाल अक्षरं, चप्पल. मग ती म्हणाली, "म्हणजे तुला वाटलं ते मला भेटले."

"हो."

"दोन दिवस?"

"हो."

"सोनिका, मी 'सापडले' लिहिणार होती. खरंच. व्याकरण मॅडम रागावेल म्हणून. पण घाईत सापडलंच नाही."

मी म्हटलं, यापुढे जे घाईत येतं तेच लिहीत जा. हे धोरण म्हणून गटापुढे मांडते: संदेशाचा मूळ मजकूर सर्वांनी पाहायचा, अर्थ कोणी एकट्याने लावायचा नाही. ती म्हणाली, "मांड, मांड." आणि हसली. मग म्हणाली की आज तीही दोन दिवसांनी नीट झोपली, आणि साठ बायकांना कंद कधी पाठवता ते सांगा.

एवढ्यात आई टाकीशी आली. हात पिठाचे. म्हणाली, "तीच काय वं? दे इकडं." मी द्यायच्या आत तिने कोपराने फोन स्पीकरवर केला आणि ओरडली, जणू आवाज हेरातपर्यंत तिलाच पोचवायचा होता. "काय वं पोरी! जेवली काय?"

"जेवून राहिली, आई!"

"काय जेवून राहिली?"

पुढे त्या दोघी बोलत होत्या. वांग्याचं काहीतरी होतं. दही घालतात म्हणे, आईला ते पटलं नाही. मी परात घेऊन रांगेकडे गेले, मग परत आले, कारण फोन माझा होता.

ठेवताना हुमैराने विचारलं, "आता तरी सांग. वस्तू सापडते, माणूस भेटतो. मग मी काय झाली?"

आई ऐकत होती. उत्तर वहीत लिहिते, वही अचूक हवी.

टॅबलेट भेटले. हुमैरा सापडली. भेटायची आहे.